आता बरं की आधी?

म्हापशात, मासळी बाजारामागच्या गल्लीत
मी चष्मे करतो.
दिवसातून चाळीसदा भिंग बदलून विचारतो,
आता बरं की आधी?
माणसं खोटं बोलत नाहीत, पण घाबरतात.
वाटतं, उत्तर चुकलं तर नंबर वाढेल.

वरच्या मजल्यावर क्लेटन फुर्तादो.
त्यानं पंचावन्न इंची स्क्रीन घेतला
आणि त्याला पेलेल असं कार्ड घ्यायला पैसे उरले नाहीत.
म्हणून गेम आतल्या आत लहानच रंगतो
आणि ताणून मोठा होतो:
चार ठिपक्यांत एक मोजलेला,
तीन अंदाजाचे.

"अंकल, नीट बघा हां," तो म्हणतो, बटण दाबतो,
"आता बरं की आधी?"
बावीस वर्षांत हा प्रश्न
पहिल्यांदाच कुणी मला विचारला.

बघतो. रात्रीचं बंदर. एक खुनी पळतोय, ते जाऊ दे.
आधी दोरखंड तुटक तुटक होते,
साखरेकडे निघालेल्या मुंग्यांसारखे;
आता सलग.
जाळ्याची भोकं वळवळायची थांबली.
पण पळणाऱ्या खुन्यामागे त्याचाच एक पुसट तुकडा रेंगाळतो,
मागच्या क्षणातून उसना आणलेला
आणि परत करायचा राहिलेला.
धार वाढवायची पट्टी पुढे ओढली
तर डोलकाठीला पांढरी कड येते,
कुणी तिला कात्रीनं कापून आभाळावर चिकटवल्यासारखी.

"आता," मी म्हणतो. मग, "नाही, आधी."
मग, "परत दाखव."
(मीही घाबरलोय.)

मागे मागे सरत जिन्याच्या दाराशी पोचलो
तर दोन्ही सारखंच.
तिथून फक्त किमतीत फरक.

क्लेटनचा बाप रोक, तीस वर्षं ट्रॉलरवर तांडेल.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यात येऊ घातलेला.
माझ्या तक्त्याची चौथी ओळ त्याला लागत नाही,
तिसरी तो पाठ म्हणतो.
तोच रोक मालीमच्या धक्क्यावर उभा राहून
मांडवीच्या तोंडाशी नुसता ठिपका असताना
बोटीचं नाव सांगतो.
ही उजवीकडे कलते. तिचं इंजिन खोकतं.
त्या तिसरीचा मालक कंजूष, एकच दिवा लावतो.
नाव वाचायचं कशाला?

एका रविवारी तो वर आला, सोबत भज्यांचा पुडा.
क्लेटननं गेम थांबवला नेमका एका बोटीवर.
नाळेवर अक्षरं, अगदी धारदार.
रोक गुडघ्यावर हात टेकून वाकला,
नाक स्क्रीनला लागेपर्यंत.
"हें नांव कितें रे?"
क्लेटन गप्प. मी चष्मा पुसला, मीही गप्प.
रेषेला बाक होता, टोक होतं, खाली सावलीसुद्धा होती.
अक्षर नव्हतं.
"हें नांव न्हय," रोक म्हणाला,
खोटी नोट परत करावी तसं.

क्लेटननं सगळं बंद केलं.
चित्र आकसून पाव स्क्रीनभर उरलं,
भोवती काळोख.
नाळेवर आता पाच-सहा ठिपक्यांचा तपकिरी डाग.
रोक कितीतरी वेळ पाहत राहिला.
डाग तर डाग, असं काहीसं पुटपुटला
आणि भजं उचललं.

दोन सोमवारांनंतर त्याचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटल्यावर घरी न जाता आधी इथेच आला,
काळा गॉगल, जिना एकेक पायरी मोजत.
क्लेटननं तेच बंदर लावलं, तीच बोट,
बोट बटणावर ठेवून थांबला.
मीही दुकान उघडं टाकून थांबलो.

रोकनं गॉगल कपाळावर चढवला.
डावीकडून पाहिलं. उजवीकडून पाहिलं.
"पयलीं तो स्क्रीन पूस, पुता."

मी खिशातला पिवळा रुमाल काढून दिला,
भिंगं पुसायचा.